थिंकपॅड टी४४०पी ची स्क्रीन बदलावी का? उत्तर जरा लांबलंय

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या एक ताई घरून मुद्रितशोधन आणि भाषांतराचं काम करतात. त्यांच्याकडे लेनोवोचा थिंकपॅड टी४४०पी आहे, सेकंड हँड घेतलेला, आय५, ८ जीबी रॅम, एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) टाकलेली, पण स्क्रीन ती जुनीच १३६६ बाय ७६८ वाली. दिवसाला सात-आठ तास वाचन. संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरतात आणि अनुस्वार सुटतात. दुकानदार म्हणतो ह्यात आता पैसे घालू नका, नवीन घ्या. भाचा म्हणतो फुल एचडी आयपीएस पॅनेल टाक मावशी, पाच-सहा हजारात काम होतं. ऐकायचं कुणाचं?

भाच्याचं ऐका ताई. पण पॅनेल आजच मागवू नका, आधी हे सगळं वाचा.

मी सांगलीत सतरा वर्षं लॅपटॉप रिपेअर करतोय, आणि स्क्रीन बदलून द्या म्हणत येणाऱ्या बऱ्याच लोकांना मी तसंच परत पाठवतो. धंद्याच्या दृष्टीने मूर्खपणा आहे हा, बायको रोज ऐकवते. पण होतं काय, की माणसाचं मशीन हँग होत असतं, हार्ड डिस्क करकर करत असते, त्याला वाटतं स्क्रीन बदलली की लॅपटॉप नवा होईल, मग तो सहा हजार घालतो आणि आठ दिवसांनी तोंड पाडून परत येतो की अजून स्लोच आहे. अहो स्लो राहणारच ना, पॅनेल काय प्रोसेसर आहे का. त्यामुळे माझा साधा नियम आहे, मशीनमध्ये एसएसडी नसेल तर पहिले पैसे एसएसडीला, ४ जीबी रॅम असेल तर दुसरे पैसे रॅमला, आणि एवढं झाल्यावर तुम्ही त्या मशीनवर खुश असाल, फक्त बघताना त्रास होत असेल, तरच पॅनेलचा विषय. तुमचं पहिलं दोन्ही झालेलं आहे म्हणून मी हो म्हणतोय.

दुसरं कारण तुमचं काम. मराठी वाचणाऱ्याला ७६८ ची स्क्रीन इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा जास्त छळते, हे कुठल्याच रिव्ह्यूत लिहिलेलं नसतं. चौदा इंची स्क्रीनवर १३६६ पिक्सेल म्हणजे इंचाला साधारण ११२ पिक्सेल, एक पिक्सेल जवळपास पाव मिलिमीटरचा. इंग्रजी अक्षराला तेवढं पुरतं. आपल्याकडे एका अक्षराच्या उंचीत शिरोरेघ, तिच्यावर वेलांटी, वेलांटीच्या डोक्यावर रफार, रफाराशेजारी अनुस्वार, आणि खाली कुठे उकार, हे सगळं बसवायचं असतं. 'सर्वांचं', 'वर्षांनी', 'मूर्तींना' हे शब्द नेहमीच्या साइजला उघडून बघा, तो अनुस्वार एक नाहीतर दोन पिक्सेलचा ठिपका असतो आणि रफारात मिसळून जातो. ह्रस्व-दीर्घ उकारात तर काय आहे हे डोळा ओळखत नाही, डोकं अंदाजाने भरतं. आणि मुद्रितशोधन करणाऱ्याने अंदाजाने भरलं की संपलंच. तुम्ही झूम १४० करून काम करत असणार, मग ओळ अर्धी बाहेर जाते, मग आडवं स्क्रोल. फुल एचडीला त्याच चौदा इंचात १९२० बाय १०८० पिक्सेल येतात, इंचाला १५७, एकूण पिक्सेल जवळजवळ दुप्पट. अक्षर तेवढ्याच आकाराचं ठेवलं तरी ते कोरल्यासारखं दिसतं.

त्यात तुमचं आत्ताचं पॅनेल टीएन आहे. टीएन म्हणजे जुन्या पद्धतीचं स्वस्त पॅनेल, समोरून सरळ बघितलं तर ठीक, जरा वर-खाली झालं की रंग उलटेपालटे. ह्याची एक गंमत करून बघा, वर्डमध्ये फिकट पिवळा हायलाइट वरच्या ओळीला द्या आणि तोच तळाच्या ओळीला द्या. दोन्ही वेगळे दिसतील, कारण तुमचा डोळा स्क्रीनच्या वरच्या कडेला एका कोनातून बघतो आणि खालच्या कडेला दुसऱ्या. दिवसभर आपण मान आणि झाकण हलवत बसतो ते ह्याच्यामुळे. आयपीएस ही पॅनेलची दुसरी, चांगली जात, तिला हा प्रकार नाही. माझं मत विचाराल तर वाचणाऱ्या माणसाला पिक्सेल वाढल्याने जेवढा फायदा होतो तेवढाच टीएन गेल्याने होतो, आणि म्हणूनच जे फुल एचडी टीएन पॅनेल हजार रुपये स्वस्त मिळतं ते घेऊ नका. दुकानदार 'फुल एचडी आहे ना' एवढंच सांगतो.

अजून एक गोष्ट आहे जी तुम्हाला जाणवत नसेल. स्क्रीन म्हातारी होते. मागे जे एलईडी असतात त्यांचं आयुष्य पॅनेलच्या डेटाशीटमध्ये बहुतेक १५ हजार तासांच्या आसपास धरलेलं असतं, आणि आयुष्य संपलं म्हणजे बंद पडलं असं नाही, उजेड मूळच्या निम्म्यावर आला. आता हिशोब करा, रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे वर्षाला २४०० तास, सहा वर्षांत १४,४००. टी४४०पी २०१३ चं मॉडेल आहे, आधी कुठल्यातरी ऑफिसात चार वर्षं चाललं असणार, मग तुमच्याकडे. नवीन असताना ते पॅनेल दोनशे-सव्वादोनशे निट्सचं (निट्स म्हणजे उजेडाचं माप) असेल तर आज त्याची काय अवस्था असेल बघा. हे इतकं हळूहळू होतं की आपल्याला वाटतं आपलेच डोळे बिघडले. (डोळे पण तपासून घ्या हां. माझ्याकडे एक रिटायर्ड मास्तर आले होते स्क्रीन बदलायला, त्यांना नंबरचा चष्मा लागला होता एवढंच, पॅनेल ठणठणीत.) शेजाऱ्याचा नवा लॅपटॉप आणून दोन्ही फुल ब्राइटनेसला शेजारी ठेवा, पांढरं पान उघडा. तुमचं पान पिवळट आणि मळकट दिसलं तर तुमचं उत्तर तिथेच आहे.

आता ज्या मुद्द्यावर लोक फसतात तो. कुठल्याही लॅपटॉपला कुठलंही पॅनेल बसत नाही, आणि साइज जुळली म्हणून चालू होईल असंही नाही. मागे जी चपटी केबल येते तिच्यात दोन जाती, जुनी एलव्हीडीएस आणि नवी ईडीपी. साधारण इंटेलच्या तिसऱ्या जनरेशनपर्यंत एलव्हीडीएस, चौथीपासून बहुतेक ठिकाणी ईडीपी. तुमच्या आधीचा टी४३० एलव्हीडीएसवाला, त्याला फुल एचडी करायचं तर वेगळं कन्व्हर्टर बोर्ड टाकावं लागतं, हौशी लोक करतात, पण कामाच्या मशीनवर मी तो उद्योग करून देत नाही. तुमचा टी४४०पी चौथ्या जनरेशनचा, ३० पिन ईडीपी, आणि कंपनीने स्वतः हे मॉडेल फुल एचडी पॅनेल लावून पण विकलेलं आहे. म्हणजे मदरबोर्डला हे पॅनेल ओळखीचं आहे. जी केबल आहे त्याच केबलवर चालतं, मी केलेलं आहे. तुमचं नशीब चांगलं एवढंच म्हणेन, कारण सगळ्यांचं तसं नसतं.

सगळ्यांचं का नसतं ते सांगतो, कारण तुमच्या ओळखीतलं कोणीतरी हे वाचून आपल्या १५.६ इंची लॅपटॉपला पॅनेल मागवेल आणि मला शिव्या घालेल. ईडीपी केबलमध्ये डेटा जायला लेन असतात, रस्त्याच्या लेन असतात तशाच. त्या काळच्या मशीनमध्ये एका लेनमधून सेकंदाला २.७ गिगाबिट जातं, त्यातलं कामाचं २.१६. साधी ७६८ ची स्क्रीन एका लेनमध्ये आरामात बसते. फुल एचडीला ६० हर्ट्झवर साधारण ३.३ लागतं, म्हणजे दोन लेन पाहिजेत. आता कंपनीने स्वस्त मॉडेल काढताना काय केलं, की ७६८ वाल्या मॉडेलच्या केबलमध्ये दुसऱ्या लेनच्या तारा टाकल्याच नाहीत, तेवढीच बचत. कनेक्टर तोच ३० पिनचा, दिसायला सेम टू सेम. एका इंजिनिअरिंगच्या पोराचा लॅपटॉप होता, पॅनेल त्यानेच ऑनलाइन मागवलेलं, बसवलं तर उजेड येतोय पण चित्र नाही. पोरगा रडकुंडीला. शेवटी त्याच मॉडेलच्या फुल एचडी व्हेरियंटची केबल शोधली, ती यायला तीन आठवडे लागले, आणि मग चालू झालं. तर नियम असा, की तुमचं मॉडेल फुल एचडीमध्ये येत होतं का हे आधी बघा, येत असेल तर त्याच्या केबलचा पार्ट नंबर आणि आपल्या केबलचा पार्ट नंबर एकच आहे का बघा, वेगळा असेल तर केबलचे पैसे पण धरा.

आणि मोजमाप. १५.६ इंचात पातळ पॅनेल दोन रुंदीत येतं, एक ३६० मिलिमीटरच्या आसपास आणि एक साडेतीनशे, दोन्हीला १५.६ च म्हणतात. शिवाय स्क्रूचे कान वर-खाली आहेत, बाजूला आहेत, का नाहीतच, कनेक्टर डावीकडे का उजवीकडे, हे सगळं जुळावं लागतं. म्हणून जुनं पॅनेल उघडून मागचा स्टिकर वाचल्याशिवाय ऑर्डर करायची नाही. मॉडेलच्या नावावरून मागवलेलं पॅनेल म्हणजे न बघता ठरवलेलं लग्न.

तो स्टिकर वाचायला शिका, सोपं आहे. बीओई कंपनीचं पॅनेल एनटी ने सुरू होत असेल तर टीएन, एनव्ही ने सुरू होत असेल तर आयपीएस जातीचं, पुढे आकड्यानंतर डब्ल्यूएचएम असेल तर ७६८ आणि एफएचएम असेल तर फुल एचडी. एयूओ मध्ये एक्सटीएन म्हणजे ७६८ टीएन, एचटीएन म्हणजे फुल एचडी टीएन, एचएएन म्हणजे आपल्याला पाहिजे ते. एलजीमध्ये डब्ल्यूएच म्हणजे ७६८ आणि डब्ल्यूएफ म्हणजे फुल एचडी. इनोलक्समध्ये बीजीई म्हणजे ७६८, एचजीई फुल एचडी पण टीएन, एचसीई म्हणजे फुल एचडी आयपीएस. विक्रेता फोनवर काहीही सांगू दे, स्टिकरचा फोटो मागायचा, नाही दिला तर फोन ठेवायचा. तुमच्या मशीनला मी स्वतः इनोलक्सचं एन१४०एचसीई-ईएन१ पसंत करेन, रंग चांगले आहेत आणि उजेड पण. ते नाही मिळालं तर एयूओचं बी१४०एचएएन घराण्यातलं ३० पिनवालं, स्क्रूचे कान जुळणारं. मॅटच घ्या, ग्लॉसी नको, नाहीतर दिवसभर अनुस्वाराऐवजी ट्यूबलाइट वाचत बसाल.

निट्स आणि रंगाचे आकडे विचाराल तर, वाचायला ३०० निट्स भरपूर, २५० चालतं, २२० घेऊ नका. पॅनेल किती रंग दाखवतं त्याचं माप एनटीएससीच्या टक्क्यांत असतं, '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं स्वस्त असतं, त्यात लाल रंग जरा विटकरी दिसतो, '७२ टक्के' वालं महाग. फोटोचं काम नसेल तर ४५ ने तुमचं काही अडत नाही, पण ट्रॅक चेंजेसमधल्या चार माणसांच्या चार रंगांच्या कॉमेंट बघायच्या असतात तुम्हाला, तर शक्य असेल तर ७२. फरक हजार-बाराशेचा असतो.

नवं आणि जुनं ह्यातही बघा. मुंबईला लॅमिंग्टन रोडला, दिल्लीला नेहरू प्लेसला 'ए प्लस ग्रेड' म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं दुसऱ्या लॅपटॉपमधून काढलेलं असतं. वाईट असतं असं नाही, पण ते १५ हजार तासांचं गणित त्यालाही लागू आहे, त्यातले किती तास वापरून झालेत हे कोण सांगणार. एका विक्रेत्याने मला नवं म्हणून पाठवलेल्या पॅनेलच्या कोपऱ्यात आधीच्या स्क्रूचे चरे होते. परत घेतलं म्हणा त्याने, पण भांडून. वॉरंटी लेखी घ्या, तीन महिने तरी, आणि डेड पिक्सेलचं, म्हणजे बंद पडलेल्या ठिपक्यांचं, काय ते आधी विचारा.

आता दुकानदाराच्या बाजूने पण बोलतो, तो अगदीच चुकीचा नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढची लागते, तुमची चौथी. म्हणजे तुम्ही पॅनेल टाकलं तरी खाली सिस्टिम कुठली चालवणार हा प्रश्न उरतोच. तुमचं काम ब्राउझर, लिबर ऑफिस आणि पीडीएफ असेल तर लिनक्स मिंट टाका, टी४४०पी वर मस्त चालतं, मराठी कीबोर्ड पण आहे, आणि पुढची तीन वर्षं सुखात जातील. पण क्लायंट वर्डच्याच फाइल मागत असेल, किंवा तुमचं श्रीलिपीसारखं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालत असेल, तर मामला बदलतो. मग मी पॅनेलवर सहा हजार घालण्याऐवजी रिफर्बिश्ड टी४८० बघायला सांगेन, ते बहुतेक आठव्या जनरेशनचं असतं (काही सातव्याचे पण आहेत, घेताना बघा), वीस हजाराच्या आसपास चांगलं मिळतं. फक्त एक, टी४८० पण ७६८ च्या टीएन स्क्रीनमध्ये येत होता आणि रिफर्ब बाजारात तसलेही फिरतात, त्यामुळे घेताना स्क्रीन विचारली नाही तर वीस हजार देऊन पुन्हा तिथेच याल.

म्हणजे तुमच्यासाठी निर्णय एका प्रश्नावर आहे, हे मशीन अजून दोन वर्षं रोज वापरणार का. वापरणार असाल तर पॅनेल आणि मजुरी धरून सहा-साडेसहा हजार, महिन्याला पडले अडीचशे-पावणेतीनशे, डोळ्यांसाठी काहीच नाही. सहा महिन्यांत बदलायचं मनात असेल तर एक रुपया घालू नका, कारण विकताना स्क्रीनचे पैसे कोणी देत नाही.

आणि एक तिसरा मार्ग, जो भाच्यालाही सुचला नाही आणि दुकानदाराने तर सांगायचाच नाही. तुम्ही टेबलावरच बसून काम करत असाल, लॅपटॉप घेऊन कुठे जात नसाल, तर २४ इंची आयपीएस मॉनिटर घ्या, आठ-नऊ हजारापासून मिळतो. मान वर राहते, पान अख्खं दिसतं, आणि उद्या लॅपटॉप बदलला तरी मॉनिटर तुमचाच. २४ इंची फुल एचडीला अक्षर चौदा इंचीइतकं धारदार नसतं हे खरं, इंचाला ९२ च पिक्सेल, पण मोठं असतं आणि तुम्ही लांब बसता. मी स्वतः दुकानात हेच वापरतो. पलंगावर, स्वयंपाकघरात, माहेरी गेल्यावर काम करायची सवय असेल तर मात्र पॅनेलच.

पॅनेल मागवायच्या आधी एक तपासणी करा. झाकण पुढे-मागे केल्यावर स्क्रीन लुकलुकते का? तशी लुकलुकत असेल तर बिजागरीतून जाणारी केबल गेलेली आहे, तिथे नवं पॅनेल पण लुकलुकणारच. व्हीजीए किंवा मिनी डिस्प्लेपोर्टला टीव्ही जोडून बघा, तिथे पण रेघा आल्या तर दोष पॅनेलचा नाही, ग्राफिक्सचा आहे, आणि मग पैसे घालायचे नाहीत.

बसवायचं काम भाचा करतो म्हणत असेल तर करू दे, अवघड नाही, पण माझी एक चूक त्याला सांगा. सुरुवातीच्या काळात मी घाईत बॅटरी न काढता केबल ओढली. बॅकलाइटला, म्हणजे त्या मागच्या एलईडींना, बॅटरीचं व्होल्टेज सरळ येत असतं, कनेक्टर तिरका झाला, पिन पिनला लागली आणि मदरबोर्डवरचा बारीकसा फ्यूज उडाला. नवं पॅनेल, आणि स्क्रीन काळी, टॉर्च मारला तर आत चित्र अंधुक दिसतंय. गिऱ्हाईक समोर बसलेलं. फ्यूज दहा रुपयाचा, शोधून लावायला गेले तीन तास आणि इज्जत गेली ती वेगळी. टी४४०पी ची बॅटरी मागून खटका सरकवून निघते, ती काढायची, चार्जर काढायचा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरायचं, मगच बेझलला, म्हणजे स्क्रीनभोवतीच्या प्लॅस्टिकच्या चौकटीला, हात लावायचा. ज्या थिंकपॅडमध्ये बॅटरी आत असते त्यात बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) आतली बॅटरी बंद करायचा पर्याय असतो, तो वापरायचा. बेझल नखाने किंवा जुन्या सिमकार्डच्या प्लॅस्टिकने उचकटायचं, स्क्रूड्रायव्हरने नाही. कनेक्टर सरळ रेषेत बाहेर ओढायचा, वर उचलायचा नाही, आणि त्यावरची पारदर्शक टेप जपून ठेवायची, नवीन पॅनेलवर तीच परत चिकटवायची.

बेझल परत दाबायच्या आधी मशीन चालू करून बघायचं. पूर्ण पांढरं, पूर्ण काळं, लाल, हिरवं, निळं अशी पानं उघडून एकेक कोपरा बघायचा, कारण एकदा सगळं बंद केल्यावर विक्रेता म्हणतो तुमच्याच हाताने झालं. काळ्या पानावर कोपऱ्यात थोडा उजेड दिसला तर घाबरू नका, आयपीएसला तेवढा असतो, स्क्रू जास्त आवळले असतील तर ते जरा सैल केले की कमी होतो. ब्राइटनेस एकदम कमी करून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा, जाड पट्टे सरकताना दिसले तर त्या पॅनेलचा उजेड लुकलुकतोय, काहींचं डोकं दुखतं ह्याने, तुमचं दुखत असेल तर परतीच्या मुदतीतच बदलून घ्या.

पहिल्या दिवशी अक्षरं बारीक दिसतील आणि वाटेल पैसे वाया गेले, सगळ्यांना वाटतं. सिस्टिमच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केलिंग, म्हणजे अक्षरांचा आकार, १२५ टक्के करा, लॉगआउट करून परत या, मग 'मूर्तींना' टाइप करून बघा. जुनं पॅनेल भंगारात देऊ नका, चालू आहे ते, माझ्यासारखा कोणीही टेस्टिंगला पाच-सातशेला घेईल.

आणि हो, त्या टी४४०पी चा टचपॅड, ज्याला वरची बटणंच नाहीत, तो तुम्हाला छळत असेल तर टी४५० चा बसतो त्याला. पण ते पुढच्या वेळी, आत्ता भाच्याला एकाच दिवशी दोन गोष्टी उघडायला लावू नका.